टोकियो बघायचंय आईला घेऊन: तिथल्या आपल्या माणसांची मदत घ्यावी का, आणि किती?

कृष्णाकाठ (३ सप्टेंबर)

नमस्कार मंडळी,

नोव्हेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यात आईला घेऊन टोकियोला जायचं ठरतंय. नऊ दिवस. आईचं वय ६८. गुडघे कुरकुरतात, पण चालायची हौस दांडगी. शाकाहारी, अंडंसुद्धा चालत नाही.

टूर कंपनीबरोबर जायचं नाही हे नक्की. मागच्या वर्षी एका कंपनीबरोबर युरोपला गेलो, तेव्हा आईला सगळी शहरं बसच्या काचेतूनच दिसली. रोममध्ये रात्री हॉटेलवर आल्यावर ती म्हणाली, "सगळं बघितलं बाई, पण इथली बाई सकाळी भाजी कुठनं आणते तेवढं कळलं नाही." ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही.

माझ्या मावसभावाच्या ओळखीचं एक मराठी कुटुंब टोकियोतल्या निशी-कासाईला राहतं. भाऊ म्हणतो, "अगं फोन कर, ते फिरवतील." मी त्यांना कधी भेटलेली नाही. मला फार संकोच वाटतो, पण आईला शहर आतून दाखवायचं तर आतल्या माणसाशिवाय कसं जमणार? किती मागावं, काय मागू नये? परदेशात राहणाऱ्यांनी आणि त्यांच्या मदतीने फिरलेल्यांनी, दोघांनीही सांगा.

डोंबिवलीकर७४

वाचतोय. पुढच्या वर्षी आम्हीही जायचं म्हणतोय.

भटक्या_जोशी

माझं मत वेगळं आहे. परक्या शहरात आपल्या माणसांच्या गळ्यात पडू नये. शहर आपलं आपण चुकत बघावं. मी टोकियोत सहा दिवस एकटा फिरलो. स्टेशनवरच्या बहुतेक पाट्या इंग्रजीतही असतात, फोनवरचा नकाशा कुठल्या फलाटावर कुठल्या डब्यात बसायचं इथपर्यंत सांगतो. वेलकम सुईका हे पर्यटकांसाठीचं प्रवासाचं कार्ड घ्या, २८ दिवस चालतं, अनामत रक्कम भरावी लागत नाही. आणि आपली माणसं नेतात कुठे? इंडियन रेस्टॉरंटमध्ये. पनीर बटर मसाला खायला एवढं लांब जायचं का?

शेवंता

@भटक्या_जोशी, तुम्ही एकटे, तरुण आणि सगळं खाणारे. इथे ६८ वर्षांच्या शाकाहारी काकू आहेत. चुकत चुकत बघायचं म्हणजे त्यांच्या गुडघ्यांनी बघायचं.

भटक्या_जोशी

मान्य. तो भाग माझ्याकडून सुटला.

सुमिदातीर

मी टोकियोत १४ वर्षं आहे. धागाकर्तीने आधी विचारलं याचं मनापासून कौतुक वाटलं, कारण विचारणारे कमी असतात.

आमच्याकडे एकदा कुणाच्या तरी ओळखीचे कुणीतरी चौघंजण अकरा दिवस राहिले. आमचं घर ४५ चौरस मीटर. मुलगा तेव्हा दुसरीत, त्याचा फुतोन, म्हणजे जमिनीवरची गादी, स्वयंपाकघराच्या दारात टाकायचो. रोज सकाळी "आज काय दाखवणार?" असा प्रश्न. मी रजा संपवली, बायकोने संपवली. इथे कचरा वेगळा करून ठरलेल्या वारी ठरलेल्या जागी ठेवायचा असतो, आणि पाहुण्यांनी सगळा एका पिशवीत भरून भलत्याच दिवशी खाली ठेवला. पिशवी तशीच राहिली, वर चिठ्ठी डकवलेली. शेजारच्या आजीबाईंच्या घरी खाऊचा डबा घेऊन मी माफी मागायला गेलो. त्या काही बोलल्या नाहीत, पण पुढचे दोन महिने त्यांच्या नमस्काराची वाट बघायला लागली. ती खंत अजून आहे.

एक गोष्ट भारतातल्या लोकांना माहीत नसते. सगळ्यांना साकुरा (चेरीचा बहर) बघायला यायचं असतं, म्हणजे मार्चअखेर ते एप्रिलची सुरुवात. जपानचं आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं आणि शाळाही एप्रिलमध्ये सुरू होतात. आमच्यासाठी वर्षातले सगळ्यात धावपळीचे दोन आठवडे नेमके तेच. तुम्ही नोव्हेंबरात येताय ते उत्तम केलंत.

अनामिक_नगरी

सुमिदातीर, वाचून वाईट वाटलं. आम्ही दुबईला होतो तेव्हा हाच अनुभव, फक्त घर मोठं होतं.

पूर्वा_पूर्वेकडची

मी निशी-कासाईतच राहते, अकरा वर्षं झाली. जरा सविस्तर लिहिते.

आधी हा भाग काय आहे ते सांगते, म्हणजे तिथल्या माणसांकडून काय मागता येईल ते कळेल. निशी-कासाई एदोगावात येतं, आणि एदोगावा हा टोकियोच्या पूर्व टोकाचा वॉर्ड. २००० सालच्या वायटूके भानगडीसाठी, म्हणजे संगणकांतली तारखांची गडबड निस्तरायला, भारतातून बरेच सॉफ्टवेअरवाले इथे आले. कामाच्या जागा ओतेमाची, निहोनबाशीकडे. तोझाई मेट्रो लाईनने इथून तिथे पंधरा-वीस मिनिटांत पोचता येतं, शिवाय इथल्या सरकारी गृहसंस्थेच्या इमारतींत परदेशी माणसाला जामीनदाराशिवाय घर मिळायचं. म्हणून वस्ती वाढली. आज इथे तूरडाळ, पोहे, हिंग सगळं मिळतं. २०१९ साली याच वॉर्डाच्या सभेवर योगेंद्र पुराणिक निवडून आले, तेही आपले मराठी. टोकियो मराठी मंडळाचा गणपती असतो.

पण म्हणून आम्ही सगळे गाईड झालो असं नाही. मला सेन्सोजी देवळात आतापर्यंत किती वेळा नेलंय म्हणून सांगू! आता तिथल्या फोटोवाल्या जागा मला पाठ आहेत, आणि पाहुण्यांना त्या माझ्याशिवायही सापडतात.

मला विचारावं असं काय वाटतं? "तुमच्या रविवारी तुम्ही काय करता, त्यात आम्ही अर्धा दिवस येऊ का?" हे विचारा. मी मुलीला ग्योसेन पार्कला नेते. स्टेशनपासून चालत पंधरा मिनिटं. तिथे वॉर्डाचं छोटं प्राणिसंग्रहालय आहे, तिकीट नाही. मुलांना गिनीपिग मांडीवर घेऊ देतात. शेजारीच हेइसेई तेइएन नावाची जपानी बाग, तळं, दगडी पाऊलवाट, आणि बाकावर आजीआजोबा. एकही पर्यटक नसतो. तुमच्या आईंना तिथे बसवा आणि काहीही करू नका. संध्याकाळी पाच वाजता लाऊडस्पीकरवर एका बालगीताची धून वाजते. आपत्तीच्या सूचना देणारी यंत्रणा चालू आहे ना, ते रोज असं तपासतात, आणि त्या सुरावर सगळी पोरं घरी वळतात. माझ्या सासूबाई चार महिने राहून गेल्या. त्यांना टोकियोतलं काय आवडलं विचारलं तर स्कायट्रीचा मनोरा नाही, फूजी नाही, "पाचची घंटा" म्हणतात.

शेवंता

पाचची घंटा! आमच्या गावात देवळातली सांजेची घंटा झाली की आई हाक मारायची. अगदी डोळ्यांसमोर आलं.

सह्यकडा

पूर्वाताई, सुंदर प्रतिसाद. तोझाई लाईनबद्दल एक सावधगिरी. करोनाच्या आधी ती टोकियोतली सगळ्यात गर्दीची लाईन म्हणून मोजली जायची, किबा ते मोनझेन-नाकाचो या टप्प्यात क्षमतेच्या १९९ टक्के. आता गर्दी कमी झाली असली तरी आठ-सव्वाआठला काकूंना घेऊन चढू नका. कामाच्या दिवशी सकाळी बायकांचा डबा असतो तो शोधा, किंवा सरळ दहाला निघा.

वसंतराव_का

मुंबईच्या लोकलवाल्यांना १९९ टक्क्यांची भीती दाखवता होय?

सह्यकडा

काका, मी स्वतः कल्याणचा आहे. तिथली गर्दी निराळी. सगळे एकमेकांना चिकटून, पण चिडीचूप. पहिल्या दिवशी मला ती शांतताच अंगावर आली होती.

नीलमोहर

खाण्याचा प्रश्न कुणी घेतलाच नाही अजून. मी शाकाहारी, तीन वर्षं योकोहामाला होते, म्हणून लिहिते.

अडचण मांस-मासे दिसण्याची नाही, न दिसण्याची आहे. दाशी म्हणजे सुकवलेल्या बोनितो माशाच्या कीसाचं पाणी. ते मिसोच्या सुपात, सोबा शेवयांबरोबरच्या बुडवायच्या रसात, उकडलेल्या भाजीत, इनारी सुशीच्या गोडसर तोफूत, सगळीकडे. "निकु नाशी", म्हणजे मांस नको, एवढं सांगितलं की ते प्रामाणिकपणे मांस काढतात, दाशी राहते. त्यांच्या दृष्टीने ती चव आहे, मासा नाही. एका छोट्या खाणावळीत मी चार दिवस आनंदाने भाजी-भात खाल्ला आणि पाचव्या दिवशी मैत्रिणीने पाटी वाचून सांगितलं. मला रडू आलं. खाणावळीतल्या काकूंनाही इतकं वाईट वाटलं की त्या माझा हात धरून उभ्या राहिल्या.

इथेच स्थानिक ओळखीचा खरा उपयोग आहे. फिरवायला नका सांगू. त्यांच्याकडून जपानीत एक कागद लिहून घ्या: आईला मांस, मासे, अंडी, माशाची दाशी, कशाचाच अंश चालत नाही. दहा मिनिटांचं काम, पण नऊ दिवस पुरतं. टोकियो स्टेशनच्या आत, तिकिटाच्या गेटमधून बाहेर न पडता, टीज तानतान नावाचं पूर्ण वनस्पतीजन्य रामेनचं (रश्श्यातल्या शेवयांचं) दुकान आहे. कोंबिनीत, म्हणजे कोपऱ्यावरच्या छोट्या दुकानात, उमेबोशीचा (खारवलेल्या आंबट फळाचा) ओनिगिरी, म्हणजे भाताचा गोळा, घेतलात तरी पाकिटामागची पाटी फोनने वाचा. थंडीत भाजलेलं रताळं मिळतं, याकि-इमो. आपल्या उपासाच्या रताळ्यापेक्षा गोड, आत मधासारखं. काकूंना नक्की द्या.

कृष्णाकाठ

नीलमोहर, हा कागद म्हणजे सोनं आहे. लगेच त्या वहिनींना एवढंच मागते. फिरवण्याबद्दल काही बोलत नाही.

गोदातीर

मी निवृत्त शिक्षक, नाशिक. २०१७ ला भाच्याकडे गेलो होतो. भाचा ऑफिसात, मी घरी. तिसऱ्या दिवशी त्याच्या इमारतीतल्या एका बंगाली गृहस्थांनी विचारलं, "नेताजींच्या दर्शनाला येणार का?"

सुगिनामी वॉर्डात, मारुनोउची लाईनवर हिगाशी-कोएन्जी स्टेशनाजवळ रेंकोजी नावाचं लहानसं बौद्ध देऊळ आहे. गल्लीत, घरांच्या मधोमध. आवारात सुभाषबाबूंचा अर्धपुतळा. त्यांच्या म्हणून मानल्या जाणाऱ्या अस्थी १९४५ पासून या देवळाने जपल्या आहेत. त्या खरोखर त्यांच्या का, यावर आपल्याकडे वाद आहेत आणि मी त्यात पडत नाही. नेहरू १९५७ ला, इंदिराजी १९६९ ला, वाजपेयी २००१ ला तिथे येऊन गेले. अस्थी रोज बघायला मिळत नाहीत, १८ ऑगस्टला स्मृतिदिन करतात. आम्ही गेलो तेव्हा कुणी नव्हतं. एक माणूस झाडूने पानं गोळा करत होता. त्याने आमच्याकडे बघून झाडू बाजूला ठेवला, वाकला, आणि आम्ही निघेपर्यंत पुन्हा हातात घेतला नाही. मी आठवीच्या वर्गाला वीस वर्षं आझाद हिंद सेना शिकवली. त्या गल्लीत उभा राहिलो तेव्हा घशात काहीतरी अडकलं.

मग ते गृहस्थ मला शिंजुकूला नाकामुराया दुकानात घेऊन गेले. १९१५ साली ब्रिटिशांच्या दबावाखाली जपानने रासबिहारी बोस यांना देश सोडायला सांगितलं, तेव्हा या बेकरीच्या मालकांनी त्यांना लपवलं. पुढे १९१८ ला त्यांच्याच मुलीशी, तोशिकोशी, त्यांचं लग्न झालं. १९२७ ला दुकानाने रेस्टॉरंट काढलं तेव्हा बोसांनी तिथे आपल्या पद्धतीची करी सुरू केली. ती आजही मिळते. कोंबडीची आहे, काकूंना चालणार नाही, पण दुकान बघून यावं.

हे माझ्या भाच्याला माहीतच नव्हतं, नऊ वर्षं तिथे राहून. म्हणून म्हणतो, कुणाची मदत घ्यायची तर ज्याला कशाची तरी ओढ आहे अशा माणसाची घ्या. मग तो मराठी असो नसो.

भटक्या_जोशी

सर, सहा दिवस फिरून यातलं मी काहीच पाहिलं नाही. शिंजुकूत दोनदा गेलो होतो, त्या दुकानावरून चालत गेलो असणार. माझं आधीचं मत मागे घेतो असं नाही, पण ओढ असलेला माणूस हा मुद्दा पटला.

सुमिदातीर

@गोदातीर, मी १४ वर्षांत रेंकोजीला गेलेलो नाही. या रविवारी मुलाला घेऊन जातो.

अनामिक_नगरी

उएनो झूमधली हत्तीण इंदिरा कुणाला आठवते? युद्धात तिथले हत्ती मारले गेले होते. मग जपानी शाळकरी मुलांनी पत्रं लिहून हत्ती मागितला आणि १९४९ ला नेहरूंनी म्हैसूरची हत्तीण पाठवली. १९८३ पर्यंत होती ती. माझी आजी ही गोष्ट सांगायची.

पूर्वा_पूर्वेकडची

गोदातीर सरांनी ओढ म्हटलं म्हणून माझी ओढ सांगते. मी इथे आल्यावर पहिली दोन वर्षं फार एकटी होते. त्या दिवसांत आपले देव शोधत फिरायचा नाद लागला.

उएनोच्या शिनोबाझु तळ्यात मधोमध बेंझाइतेनचं देऊळ आहे. बेंझाइतेन म्हणजे आपली सरस्वती, वीणेच्या जागी हातात बिवा हे जपानी तंतुवाद्य. शिबामाताचं ताइशाकुतेन म्हणजे इंद्र. आणि असाकुसात, सेन्सोजीपासून चालत दहा मिनिटांवर, मात्सुचियामा शोदेन. तिथे कांगितेन आहेत, म्हणजे आपले गणपती! मूर्ती गुप्त, दर्शन नाही. पण देवळाच्या भिंतीवर, दिव्यांवर, पायऱ्यांवर सगळीकडे दोन मुळ्यांची जोडी कोरलेली. नैवेद्य मोदकाचा नाही, पांढऱ्या मुळ्याचा. आवारातच मुळा विकत मिळतो, तो वाहायचा. वाहून झालेले मुळे बाहेर ठेवतात, ज्याला हवा त्याने प्रसाद म्हणून घरी न्यावा. ७ जानेवारीला तर मुळ्याचा उत्सवच असतो. टेकडीवर आहे, पण गुडघ्यांची काळजी नको, वर न्यायला रुळावरून जाणारा खेळण्यासारखा छोटा डबा आहे, पैसे लागत नाहीत.

वसंतराव_का

मुळ्याचं नवल वाटून घेऊ नका. आपल्याकडच्या जुन्या गणेशमूर्तींच्या हातात मोदकाच्या जोडीला मूलक, म्हणजे मुळाच असतो. मूर्तिशास्त्राच्या ग्रंथांत आहे. आपण विसरलो, त्यांनी सांभाळलं.

नीलमोहर

काका! हे माहीत नव्हतं. थँक्यू.

सह्यकडा

देव निघालेच आहेत तर यानाकाची दफनभूमी राहू नये. निप्पोरी स्टेशनाला लागून. नाव ऐकून घाबरू नका, तिथे लोक सकाळी फिरायला येतात. थडग्यांमागे लाकडाच्या उंच पट्ट्या उभ्या केलेल्या असतात, सोतोबा म्हणतात. त्यांवर काळ्या शाईने पाच अक्षरं. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा वाटलं जपानीच असेल. मग नजर थांबली. सिद्धम् लिपी, आपल्या नागरीची जवळची बहीण. वरून खाली ख, ह, र, व, अ. आकाश, वायू, अग्नी, जल, पृथ्वी. पंचमहाभूतं. थोडा वेळ बघितलं की र आणि व ओळखू यायला लागतात. पावसाने शाई फिकट झालेल्या एका पट्टीवरचा र मी बोटाने हवेत गिरवला. मागून एक म्हातारे गृहस्थ आले, त्यांनी मला त्या अक्षराचा जपानी उच्चार सांगितला: "रा". मी म्हटलं, "हाय, रा." आमचं एवढंच संभाषण.

शेवंता

अंगावर काटा आला.

डोंबिवलीकर७४

धागा कुठून कुठे गेला! सगळं वहीत उतरवून घेतोय. एक शंका: ओळख कुणाचीच नसेल तर?

नीलमोहर

@डोंबिवलीकर, जपानमध्ये गुडविल गाईड नावाची स्वयंसेवकांची जुनी पद्धत आहे. बहुतेक निवृत्त जपानी मंडळी किंवा विद्यार्थी. फी नसते. त्यांचा प्रवासखर्च, तिकिटं आणि बरोबर जेवलात तर त्यांचं जेवण तुम्ही द्यायचं. उएनो आणि असाकुसात अशा मोफत फेऱ्या निघतात. इंग्रजी सावकाश बोलतात, पण आपल्या शहरावरचं प्रेम भरभरून. टीप देऊ नका, त्यांना अवघडल्यासारखं होतं. चिक्कीचं पाकीट द्या.

सुमिदातीर

खाऊवरून आठवलं. मांसाचा कुठलाही पदार्थ, ताजी फळं, भाजी, अगदी कढीपत्तासुद्धा तपासणीच्या दाखल्याशिवाय आणता येत नाही. विमानतळावर काढून घेतात. मेतकूट, कुळथाचं पीठ, भाकरवडी आणा. कुळथाच्या पिठासाठी मी रजा टाकेन.

पूर्वा_पूर्वेकडची

+१०० कुळथाच्या पिठाला.

वसंतराव_का

मूळ प्रश्न राहिला बाजूला. धागाकर्ती, तुम्ही त्या कुटुंबाला फोन केलात का?

कृष्णाकाठ (२१ सप्टेंबर)

केला काका. म्हटलं, "वहिनी, आम्ही हॉटेलात उतरणार आहोत, फिरणं आमचं आम्ही करू. एक कागद जपानीत लिहून हवाय. आणि आईला तुमच्याबरोबर एकदा भाजी आणायला यायचंय. बाकी काही नाही." पलीकडे दोन क्षण शांत. मग त्या म्हणाल्या, "भाजी आणायला? एवढंच? अहो, शनिवारी या, मग जेवूनच जा." कागदाचा फोटो त्याच रात्री आला.

शेवंता

जिंकलंत.

कृष्णाकाठ (९ डिसेंबर)

परत आलो. धागा वर काढतेय, कारण तुम्हा सगळ्यांना सांगितल्याशिवाय बरं वाटणार नाही.

मोठ्या जागा पटापट सांगते. शिंजुकूतल्या टोकियो महानगर सरकारच्या इमारतीच्या ४५ व्या मजल्यावरून शहर पाहिलं, मोफत आहे, फूजी ढगात होता. मेइजी जिंगू गाइएनची गिंगकोची झाडं हळदीसारखी पिवळी झाली होती. स्कायट्री खालूनच पाहिला. शिंजुकू स्टेशनला दोनशेच्या वर बाहेर पडायचे रस्ते आहेत, त्यातल्या चुकीच्या रस्त्याने बाहेर पडलो आणि लिफ्ट शोधण्यात चाळीस मिनिटं गेली. पुढे जाणाऱ्यांनी लक्षात ठेवा: लिफ्ट बहुतेक स्टेशनांना असते, पण ठरावीक एक्झिटलाच. ते आदल्या रात्री बघून ठेवा.

नीलमोहर, तुमचा कागद आम्ही लॅमिनेट करून नेला. एका सोबाच्या दुकानात मालकांनी तो दोन्ही हातांनी घेतला, पूर्ण वाचला, आणि हात जोडून आमच्याकडे तसं काही नाही म्हणाले. वाईट वाटलं नाही, उलट विश्वास वाटला. मग ते स्वतः बाहेर येऊन कोपऱ्यावरचं रताळंवाल्याचं दुकान दाखवून गेले.

गोदातीर सर, रेंकोजीला गेलो. आईने घरून नेलेली उदबत्ती लावायची परवानगी खुणेनेच मागितली. मिळाली.

आता शनिवार. वहिनी स्टेशनवर घ्यायला आल्या, सायकल हातात धरून. आधी सुपरमार्केटात गेलो. आईने मुळा उचलला, कोपरापासून बोटांपर्यंत लांब, दुधासारखा पांढरा, आणि पहिला प्रश्न: "याचा पाला कुठाय?" वहिनी म्हणाल्या, इथे पाला कापूनच विकतात. आईला ते फारच लागलं. "म्हणजे अर्धी भाजी टाकूनच देतात!" मग वहिनींनी आम्हाला तीन गल्ल्या पलीकडे एका म्हाताऱ्या जोडप्याच्या दुकानात नेलं. बाहेर टोपल्या, पुठ्ठ्यावर हाताने लिहिलेले भाव. तिथे पाल्यासकट मुळे होते. आईने पाल्याला हात लावला, देठ मोडून बघितला, वास घेतला. दुकानातल्या आजी हे सगळं बघत होत्या. त्यांनी आतून दुसरी जुडी आणली, त्याहून कोवळी, आणि आईच्या हातात ठेवली. दोघींनी मिळून ती उलटसुलट करून पाहिली. आई मराठीत बोलत होती, त्या जपानीत. वहिनींनी मध्ये भाषांतर करायचा प्रयत्न केला, मग सोडून दिला.

दुपारी वहिनींच्या ओट्यापाशी आईने त्या पाल्याची पीठ पेरून भाजी केली. त्यांच्याकडे बेसन होतंच. त्यांचा मुलगा सातवीत आहे, इथेच जन्मलेला. त्याने तीन वेळा घेतली. वहिनी म्हणाल्या की पीठ पेरलेली भाजी त्यांनी आईच्या हातची खाल्ली होती, आई गेल्याला सहा वर्षं झाली. मग त्या उठून गॅलरीत कपडे काढायला गेल्या. आईही मागोमाग गेली, आणि दोघी बराच वेळ आत आल्या नाहीत.

पाचला घंटा झाली. पूर्वाताई, तुमच्या सासूबाईंना सांगा, माझ्या आईचीही तीच आवडती.

पूर्वा_पूर्वेकडची

आताच वाचून दाखवलं त्यांना, व्हिडिओ कॉलवर. "त्या बाईंचा नंबर घे" म्हणाल्या.

सुमिदातीर

ते दुकान नेमकं कुठल्या गल्लीत? १४ वर्षं पाल्याशिवाय मुळा खातोय मी.

वसंतराव_का

आणि शोदेनला मुळा वाहिलात की नाही?

कृष्णाकाठ

वाहिला काका, रविवारी, त्याच दुकानातून आदल्या दिवशी घेतलेला. पाला वहिनींकडे ठेवून. @सुमिदातीर, व्यनि (खाजगी निरोप) केलाय, खुणेसकट. सोमवारी बंद असतं.